हडळीने तोंड धुतलं तो उन्हाळा

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस आला की आमच्या गल्लीत उन्हाळा लागतो. पंचांगात काय लिहिलंय ते लिहिलं असो. आज सकाळी तो आला, जुन्या ताट्या त्याने अंगणात आपटल्या, वर्षभराची धूळ उडाली, आणि नवा वाळा पाण्याने भिजला तसा तो वास घरभर पसरला. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, ओलं गवत आहे, त्यात काय एवढं. मला त्या वासाने तीन वर्षांपूर्वीच्या एका गोदामात नेऊन उभं केलं, तोंडाला सफेदा फासलेल्या अवस्थेत, आणि इकडे गॅसवर चहा उतू गेला. उतू जाऊ दे. असा उन्हाळा माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो आणि त्याची आठवण यायला चहाची परवानगी लागत नाही.

मी दिवसा नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. उष्ण कटिबंध, मान्सूनपूर्व वारे, सगळं. संध्याकाळी आणि सुट्ट्यांमध्ये मी हडळ व्हायचे. ‘हडळ आणि मंडळी’ हे आमच्या रॉक बँडचं नाव, आणि त्यातली हडळ मी. मंडळी दोनच. गिटार वाजवणारा आणि चाली बांधणारा रोशन, आणि ड्रम बडवणारा पंकज. मी गायचे आणि बेस गिटार वाजवायचे. तोंडावर सफेदा, डोळ्यांभोवती बोटभर काजळ, अंगात काळ्या अस्तराचा पायघोळ झगा. कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली होती. मला बाजेवर आडवं घालून रोशन पुढून आणि पंकज मागून उचलून मंचावर आणायचे. बाज मधोमध टेकली की मी किंचाळत उठायचे, आणि पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांसकट मागे सरकायची. अकरा वर्षं हे चाललं. खोटं कशाला सांगू, मला फार मजा यायची.

आई सावनेरला राहते. ती या काळात एकदाच कार्यक्रमाला आली आणि बाज दिसताच उठून बाहेर गेली. कार्यक्रम संपल्यावर मी तशीच झग्यात तिला शोधत गेले, तर ती फाटकाजवळ उभी.

“जितीजागती पोरगी बाजेवर पाह्यवत नाही वं मले,” ती म्हणाली. “तू तं गाण्याचं म्हणत होती. हे काय करून राहिली?”

मी तिला प्रतीक, रंगभूमी, भीतीचं सौंदर्य असलं काहीबाही शुद्ध मराठीत समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पदराच्या टोकाने माझ्या कपाळावरचा सफेदा पुसायला लागली. तो निघाला नाही, नुसता पसरला.

हडळ जन्माला कशी आली हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. कॉलेजात असताना आम्ही पुण्याला एका स्पर्धेला गेलो होतो. तेव्हा ना झगा होता ना काजळ. पहिलं गाणं झकास झालं, टाळ्या पडल्या, आणि सूत्रसंचालकाने माझ्यापुढे माईक धरून विचारलं, कसं वाटतंय. मी म्हणाले, “मले लय भारी वाटून राहिलं.” सभागृह हसलं. ती माणसं वाईट नव्हती हे आज मला कळतं. असं बोलणारा माणूस त्यांनी विनोदी कार्यक्रमातच पाहिलेला, त्यांना वाटलं मी मुद्दाम करतेय. पण मी एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्या गाण्याला माझा सूर लागलाच नाही. गाडीने परत येताना वर्धा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मी महालातल्या नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातून सफेदा आणला. हडळ बोलत नाही. किंचाळते, आणि गाते ती इंग्रजीत, हिंदीत, नाहीतर पुस्तकातल्या मराठीत. दोन गाण्यांच्या मधे ती डोळे वटारून गप्प उभी राहते. लोक म्हणायचे, काय अभिनय आहे. अभिनय कसला बाप्पा, मी भ्यालेली होते. तोंड उघडलं की ‘मले’ बाहेर पडेल आणि लोक हसतील, एवढीच ती भीती, आणि तिच्यावर आम्ही अकरा वर्षांचा डोलारा उभा केला.

पण भुताचंही वय होतं. हळूहळू पोरं मागे सरकेनाशी झाली. शेवटच्या वर्षी एका कार्यक्रमात मी बाजेवर डोळे मिटून पडलेले असताना पहिल्या रांगेतलं कोणीतरी शेजारच्याला म्हणालं, “आता उठते पाह्य.” मी उठले. उठण्यावाचून उपाय नव्हता. त्यानंतर महिनाभराने पंकजला बंगळुरूच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. त्याने जून महिन्यापर्यंत मुदत मागून घेतली, आणि रोशन म्हणाला, एक शेवटचा अल्बम करू. जमला तर बँड राहील. नाही जमला तर बाज ताईच्या आईला झोपायला देऊन टाकू. रोशन मला ताई म्हणतो आणि चेष्टा करतानाही तोंड सरळ ठेवतो, त्यामुळे तो किती गंभीर आहे हे लगेच कळत नाही. त्या दिवशी कळलं.

परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली तेव्हा एप्रिल निम्मा उलटला होता. नागपूरच्या उन्हाबद्दल बाहेरची माणसं पारा किती चढला तेवढं विचारतात. पाऱ्याचं काय घेऊन बसलात. दुपारी एक वाजता रस्ता पांढरा दिसायला लागतो, गाडीच्या सीटला हात लावला तर हात मागे येतो, आणि शहरातल्या सगळ्या मुली ओढणीने डोकं, तोंड, मान असं घट्ट गुंडाळून स्कूटीवरून जातात, फक्त डोळे उघडे. सिग्नलला दहा जणी उभ्या असल्या तर त्यातली आपली सख्खी बहीण ओळखू येत नाही. अर्ध्या गावाचे चेहरे झाकलेलेच असतात. मीही तशीच गुंडाळून गांधीबागेच्या कापडबाजारात जायचे, आणि तिथे पोचून ओढणी सोडली की दुसरं तोंड चढवायचे. तेव्हा मला यात काही विचित्र वाटत नव्हतं.

गांधीबागेत पंकजच्या काकांचं कापडाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर गोदाम, पहिल्यापासून आमच्या तालमीची जागा. छतापर्यंत तागेच तागे. सुती, खादी, अस्तर, चादरींचं कापड. त्या भिंतींमधे आवाज घुमत नाही, शब्द तोंडातून निघून सरळ माईकमधे जाऊन बसतो. महागड्या स्टुडिओत फोम लावून जे करतात ते काकांनी न सांगता करून ठेवलं होतं. दुपारी एक ते चार बाजारात चिटपाखरू नसतं, काका खाली गादीवर आडवे होतात, तेवढे तीन तास आमचे. अडचण एकच होती. कूलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमधे विमान उडाल्यासारखा आवाज येतो. पंख्याचंही तेच. म्हणून दोन्ही बंद, खिडकी बंद, वर पत्रा, आणि आत आम्ही तिघं. पंकज खिशात कांदा ठेवून ड्रम वाजवायचा. लू लागू नये म्हणून त्याच्या आईने दिलेला. ठोका जोरात पडला की कांदा मांडीवर उडायचा, पण त्याने तो एक दिवसही काढला नाही.

आणि इथे आम्ही ती घोडचूक केली, जी आमच्याशिवाय पृथ्वीतलावर कोणी केली नसती. मी रेकॉर्डिंगला पूर्ण रंग लावून बसायचे. सफेदा, काजळ, झगा, सगळं. फोटो काढायला कोणी येणार नव्हतं. पण माझा हट्ट, की रंगाशिवाय हडळ अंगात येत नाही. तीन दिवस मी घामाने वितळलेला सफेदा डोळ्यांत घेत गायले. माईकचा स्पंज पांढरा झाला, झगा पाठीला चिकटला, आणि गाणं म्हणाल तर मेलेलं. रोशन प्रत्येक वेळी “आणखी एक घेऊ” म्हणायचा. तो असं म्हणायला लागला की समजावं, काही खरं नाही.

चौथ्या दिवशी, माझी तान अर्ध्यावर असताना, पंकजला राहवलं नाही. त्याने हळूच पाय लांब करून कूलरचं बटण दाबलं. घर्रर्र करून तो सुरू झाला आणि माझ्या डोक्यात राग गेला.

“काहून चालू केला गा तो कूलर?” मी ओरडले. “इथं मी मरून राहिली, अन् तुले हवा पाहिजे? तीन दिवसांपासून तोंडावर हे चोपडून बसली मी, ते काय हौस म्हणून? मले नाही का गरम होत? काहून केला, सांग नं आता. काहून?”

पंकज घाबरून कूलर बंद करायला धावला आणि त्याचा कांदा घरंगळत ताग्यांखाली गेला. रोशन हलला नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं. मी पाणी प्यायला गेले, परत आले, तर तो कानाला हेडफोन लावून तेच ऐकत होता. पुन्हा पुन्हा. मग त्याने त्या ओरडण्याखाली गिटारचे दोन स्वर ठेवले आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

“ताई, हे,” तो म्हणाला.

“हे काय?”

“हे गाणं हाय. अकरा वर्षांत तू पहिल्यांदा बोलली.”

मला इतका राग आला की मी ओढणी न बांधताच भर उन्हात निघून गेले. आठ दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. मला वाटलं, यालाही हसायचंय. माझ्याच माणसाला माझी गंमत करायची आहे. आठ दिवस घरात कूलरसमोर बसून मी भूगोलाच्या वह्यांवर काय काय लिहून काढलं, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी ज्या भाषेत रागावते, ज्या भाषेत आईशी बोलते, ज्या भाषेत मला स्वप्नं पडतात, त्या भाषेत मी एक ओळही कधी गायलेली नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं गाव नकाशावर दाखवता येऊ नये, तशी माझी गत. मला लाज वाटली. अशी लाज वाटलेली बरी असते, तिने माणूस जागचा हलतो.

नवव्या दिवशी मी गोदामात गेले. दोघं बसलेच होते, जसं काही मी काल जाऊन आज येणार होते. सवयीने मी झगा चढवला आणि रंगाचा डबा उघडला. उन्हाने सफेदा फुटून पाणी वेगळं झालं होतं. मी डबा बंद केला, कूलरची बाजूची ताटी काढली, टाकीत तांब्या बुडवला आणि तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. वाळ्याचा वास असलेलं ते गार पाणी गळ्यापासून कोपरापर्यंत उतरलं, झग्याची बाही भिजली, आणि तशी ओल्या तोंडाने मी माईकसमोर उभी राहिले. पंकज माझ्याकडे बघत म्हणाला, “ताई, माईकसमोर तू अशी दिसते हे मी विसरलोच होतो.” रोशनने विचारलं, “घेऊ?” मी मान हलवली. पहिल्याच वेळी गाणं झालं. ‘आणखी एक घेऊ’ कोणी म्हणालं नाही.

मग जी काय गाणी आली, राजेहो. अडवता अडवेनात. वीस दिवसांत नऊ गाणी. एक सिग्नलवरच्या ओढणीवाल्या मुलींचं. एक नागपुरातल्या लग्नाचं, ज्यात नवरदेव उन्हाने घोड्यावरून उतरून रिक्षात बसतो. एक पुण्यातल्या त्या हसण्याचं, आणि ते लिहिताना मी रडले, गाताना मात्र खदखदून हसले. पंकज घाम पुसून म्हणायचा, “बम जमून राहिलं गा,” आणि खालून काका झोपेतून उठून जिन्यात येऊन बसायचे. एकदा त्यांनी माझं धुतलेलं तोंड पाहिलं आणि खंत व्यक्त केली. “भूत बनके ही ठीक लगती थी, बेटा. अब तो बिलकुल मास्टरनी लगती है.” मी म्हटलं, “काका, मास्टरनीच हूँ.” त्यांना हे माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत त्यांनी मला विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

अल्बमचं नाव ‘काहून’ ठेवलं, म्हणजे आमच्याकडचं ‘का’. मुखपृष्ठावर गोदामाच्या दारात उभी असलेली मी, सुती कुर्ता, अर्धी सोडलेली ओढणी आणि कपाळावर घाम. आम्ही तो प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या चाहत्यांचे संदेश यायला लागले. हडळ मेली का. आमची हडळ परत द्या. हे काय गावठी चालवलंय. तो ‘गावठी’ शब्द वाचून मी फोन पालथा ठेवला. अल्बम लपून ऐकता येतो, आवडला नाही तर बंद करता येतो. अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमात मात्र मी समोर असणार, उघड्या तोंडाची, आणि लोक हसले तर लपायला काजळही नसणार. पंकजच्या बंगळुरूच्या उत्तराला पंधरा दिवस उरले होते. त्याने मला काही विचारलं नाही, पण तो त्या कार्यक्रमाकडेच डोळे लावून बसलाय हे मला दिसत होतं.

कार्यक्रम नवतप्यात आला, एका खुल्या रंगमंचावर. उन्हाळ्याच्या शेवटाचे ते नऊ दिवस नागपूरचा माणूस श्वास मोजून काढतो. संध्याकाळी साडेसहाची वेळ, वर उघडं आकाश, सिमेंटच्या पायऱ्या अजून तापलेल्या, लोक खाली सतरंज्या नि वर्तमानपत्रं घालून बसलेले. सातशे-आठशे तरी असतील. आई तिसऱ्या रांगेत होती. बाज नाही असं तीनदा वदवून घेऊनच ती सावनेरहून निघाली होती. मी चालत मंचावर गेले. ध्वनीवाला माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ताई, थोडं बाजूले व्हा, आर्टिस्ट येऊन राहिले.” रोशनने त्याला काहीतरी सांगितलं आणि तो ओशाळून पळाला.

पंकजने चार ठोके दिले. मी सुरू केलं.

“काहून पेटलं आभाळ सारं, काहून वाळला ओठ,
नळ येते सकाळी सातले, माय भरते कूलरचं पोट.”

पहिल्या ओळीला शांतता. दुसऱ्या ओळीला हसू. इकडून तिकडे पसरत गेलेलं, मोठं, सगळ्या पायऱ्यांवरचं हसू. मला ते ओळखू आलं. माझी बोटं तारेवरून सुटली, बेस थांबला, आणि मी एकोणीस वर्षांची होऊन तिथे उभी राहिले. पंकज एकटाच ताल धरून होता. रोशन माझ्याकडे बघत होता. मला एवढंच आठवतं, की माझ्या हाताला काजळाची डबी आठवली.

तेवढ्यात पाचव्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. माझ्या वयाची असेल, हातात वर्तमानपत्राचा पंखा.

“सातले कुठं येते वं नळ?” ती जोरात म्हणाली. “पहाटे चारले येते.”

“तुमच्याकडं चारले,” मागून एक माणूस म्हणाला. “आमच्याकडं साडेपाचले येते.”

“अन् साडेपाचले आला तरी वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही, थे बी गाण्यात घाला.”

सगळीकडून आवाज यायला लागले. कोणी सहा म्हणत होतं, कोणी संध्याकाळी. दोन भाऊ आपापसातच भांडायला लागले की आपल्या घरी किती वाजता येतो. तिसऱ्या रांगेतून माझी आई हात वर करून म्हणाली, “अन् गावाकडं तं एक दिवसाआड येते. सांग वं ह्यायले.”

“थांबा, थांबा,” मी म्हणाले. “माह्या घरी सातलेच येते. मी काय खोटं गाऊन राहिली का?”

“कोण्या भागात राहते तू?” पाचव्या रांगेतल्या बाईने विचारलं.

“येऊन पाह्य नं उद्या सकाळी. चहा पाजतो तुले. पण बादली घेऊन येजो.”

पायऱ्या पुन्हा हसल्या, ती बाई सगळ्यांत जास्त हसली, आणि मीही हसत होते. पाच-सात मिनिटं हे भांडण चाललं असेल. पंकजने ताल सोडला नव्हता आणि रोशन त्या बोलण्याखाली हळूहळू गोदामातले तेच दोन स्वर वाजवत होता. त्या सुरांवर मी आठशे लोकांशी हुज्जत घालत होते, बोट दाखवून, ‘मले’ आणि ‘तुले’ आणि ‘काहून’ करत, आणि मला कोणी माईक देऊन कसं वाटतंय ते विचारलं नव्हतं. मी मंचावर बोलतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बोलून बराच वेळ झाला होता. इतका आनंद मला तोवर कधी झाला नव्हता, आणि हे मी विचार करून लिहितेय.

“मग कितीचं गाऊ, बोला,” मी विचारलं.

उत्तर एक आलं नाही. आठशे आली. रोशन म्हणाला, “ताई, आता सुरुवातीपासून घे,” आणि पंकजने पुन्हा चार ठोके दिले. पहिली ओळ सगळ्यांनी म्हटली, पाठ झाल्यासारखी. दुसरी ओळ आली आणि त्या उघड्या आकाशाखाली ज्याने त्याने आपल्या घरचा नळ गायला. कोणी चारले, कोणी साडेपाचले, आईने ‘दिवसाआड’ कुठल्या सुरात बसवलं ते तिलाच ठाऊक. गोंधळ झाला, ताल चुकला, आणि पंकज, जो आजही नागपुरातच आहे, काड्या वर धरून हसत सुटला. मी माझं सातलेच गायले.